सहा नावांची नोंद



गेल्या वर्षावासातली ही गोष्ट आहे. आमच्या चांदवडच्या विहारात रोज संध्याकाळी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालू होते आणि मी सलग दोन दिवस तिकडे फिरकले नाही. घरात कोणी आजारी नव्हते, पाहुणेही नव्हते. मी रुसले होते. कोणावर, तर ज्याला मी कधी पाहिले नाही, ज्याचा देश कोणता हेही मला धड माहीत नाही, अशा एका माणसावर. त्याने माझ्या कामावर अकरा शेरे मारले होते. त्यांतले तीन वाचून मी संगणक बंद केला आणि उरलेले आठ दोन दिवस वाचलेच नाहीत. रुसवा माझ्यापुरताच असता तर तो लिहिण्याजोगा नव्हता. पण त्या आठांतला एक शेरा आमच्या तालुक्यातल्या सहा मुलांबद्दल होता.

आधी कामाबद्दल सांगते. मी घरी बसून संगणकाचे प्रोग्रॅम लिहिते. पोटासाठी लिहिते ते वेगळे. त्याखेरीज रात्री जेवणे आटोपल्यावर मुक्त प्रणालींसाठी थोडेबहुत लिहीत असते. मुक्त प्रणाली म्हणजे ज्याला ओपन सोर्स म्हणतात ते. अशा प्रणालीचा मूळ मजकूर कोणालाही वाचता येतो, वापरता येतो, सुधारता येतो. खुला पाणवठा म्हणजे काय हे 1927 साली महाडला ज्यांनी दाखवून दिले, त्यांच्या लेकरांना ही कल्पना वेगळी समजावून सांगायला नको. तुमचा मोबाईल अँड्रॉइडचा असेल तर त्याच्या तळाशी लिनक्स आहे. ते लिनस टॉरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने 1991 साली सुरू केले आणि पुढे जगभरच्या हजारो माणसांनी त्यात भर घातली. ग्रंथालयांसाठीही अशा प्रणाली आहेत. ‘कोहा’ नावाची प्रणाली न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयाने स्वतःसाठी करवून घेतली आणि 2000 साली सगळ्यांना खुली केली. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट, दान. मी काम केले ती प्रणाली कोहा नव्हे, तिच्याहून पुष्कळ लहान आहे. इथल्या एका कनिष्ठ महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मीच ती बसवून दिली होती.

माझी भाची त्याच महाविद्यालयात अकरावीला आहे. तिला महात्मा फुल्यांचे ‘शेतकऱ्याचा असूड’ हवे होते. एक दिवस घरी येऊन म्हणाली, “मावशी, तुझा संगणक म्हणतो असं पुस्तकच नाही. आणि मला तर ते कपाटाच्या काचेतून दिसतंय.”

मी जाऊन पाहिले. खरेच होते. पुस्तकाची नोंद होती, पण नाव टाकून शोधले की सापडत नव्हते. ‘असूड’ एवढेच टाकले तर लगेच सापडे. म्हणजे घोळ ‘शेतकऱ्याचा’ या शब्दात होता.

हा घोळ आपल्या मराठीचा खास आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. संगणक अक्षरे ओळखत नाही, क्रमांक ओळखतो. प्रत्येक अक्षराला एक क्रमांक दिलेला आहे. ‘शेतकऱ्याचा’मधला जो आडवा, पापणीसारखा र आहे, तो लिहिण्याच्या दोन रीती आहेत. एका रीतीत ‘ऱ’ या वेगळ्या अक्षराचा पाय मोडतात. दुसरीत साध्या ‘र’चा पाय मोडून पुढे एक डोळ्यांना न दिसणारे जोडचिन्ह ठेवतात. कोणता कीबोर्ड वापरला त्यावर हे ठरते. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते दोन निरनिराळे शब्द. ग्रंथालयात पुस्तकाची नोंद एका रीतीने झाली होती आणि भाची दुसऱ्या रीतीने शोधत होती. बऱ्हाणपूर, कुऱ्हाड, दुसऱ्या, शेतकऱ्यांना... असे किती शब्द! आणि आडनावेही.

आता हे मला कळले कसे? प्रोग्रॅमच्या आत मी जागोजागी नोंदी घातल्या. बाजार समितीत कांद्याचा ट्रॅक्टर आला की फाटकावर नोंद होते, लिलावाला होते, काट्यावर होते आणि शेवटी हिशेबपट्टी हातात पडते. पैसे कमी आले तर या नोंदी एकापुढे एक लावून नेमके कुठे चुकले ते काढता येते. तसेच प्रोग्रॅमला सांगता येते की, बाबा, तू चालताना काय काय करतोस ते एका फाईलमध्ये लिहीत जा. त्या फाईलला लॉग म्हणतात आणि दोष शोधण्यापुरत्या ज्या बारीक नोंदी असतात त्यांना डिबगच्या नोंदी. नोंदींच्या पायऱ्या ठरलेल्या असतात. सगळ्यांत खाली डिबग, मग साधी माहिती, मग इशारा, आणि वर एरर, म्हणजे प्रत्यक्ष चूक. डिबगची पायरी एरवी बंद ठेवतात. गरज पडली तरच उघडतात.

दोष सापडला. दुरुस्ती फक्त नऊ ओळींची निघाली. मला इतका आनंद झाला की रात्री साडेअकराला ती दुरुस्ती मी मूळ प्रणालीच्या लोकांकडे पाठवून दिली. पण शोधासाठी घातलेल्या चौदा नोंदी तशाच आत राहिल्या. घर बांधून झाले आणि परांची न काढताच गृहप्रवेश केला म्हणा ना. शिवाय दोष खरा आहे हे पटावे म्हणून सोबत लॉगची फाईलही जोडली.

मुक्त प्रणालीत कोणाचीही दुरुस्ती तपासल्यावाचून आत घेत नाहीत. दुसरा जाणकार ती ओळ न् ओळ वाचतो आणि शेरे लिहितो. याला कोड रिव्ह्यू म्हणतात. दोन दिवसांनी माझे शेरे आले.

पहिला शेरा: ही नोंद प्रत्येक पुस्तकाच्या प्रत्येक अक्षरासाठी लिहिली जाते, हिची गरज आहे का? दुसरा: या वाक्याचा अर्थ काय? ते वाक्य होते “आले का इथे 1” आणि त्याच्या खाली “आले का इथे 2”. मी ते रोमन लिपीत लिहिले होते आणि तो बिचारा कोणत्या भाषेतले म्हणून शोधत बसला असणार. तिसरा शेरा: ही चूक नाही, चूक नसताना एरर म्हणून का नोंदवली? मी ती पायरी मुद्दाम निवडली होती, कारण डिबगची पायरी उघडायचा कंटाळा केला आणि एररची नोंद आपोआप पुढे दिसते.

तीनही शेरे बरोबर होते. आज हे सहज लिहिते आहे. त्या संध्याकाळी मला तीनांतला एकही बरोबर वाटला नाही. दुरुस्ती चांगली आहे असे एक अक्षर नाही, आणि नुसत्या नोंदींवर बोट! माझ्या मनात काय आले ते मोकळेपणाने सांगते. आपल्या घरांतून शिकून बाहेर पडलेल्या पहिल्या-दुसऱ्या पिढीच्या लोकांना ते ओळखीचे वाटेल. कोणी वहीवर लाल रेघ ओढली की आपल्याला वहीतली चूक दिसत नाही, आपले आडनाव दिसते. पूर्वी एका कंपनीत असताना माझे काम तपासणारे एक साहेब माझ्या देखत दुसऱ्याला म्हणाले होते, “सवलतीतून शिकलेल्यांचं असंच असतं.” त्या दिवशी चूक माझी नव्हतीच, पण ते वाक्य डोक्यात कायमचे बसले. त्यानंतर कोणीही काही दाखवले की आधी ते वाक्य ऐकू येते आणि मग दाखवलेली गोष्ट दिसते.

मी चिडून दोन पाने उत्तर लिहिले. तुम्हाला मराठी येत नाही, तुमच्या प्रणालीत मराठी पुस्तक सापडत नाही याची तुम्हाला लाज नाही आणि मला नोंदी शिकवता, असा सगळा मजकूर. पाठवणार तेवढ्यात वीज गेली आणि इंटरनेटही गेले. महावितरणचे आभार मी आयुष्यात तेवढे एकदाच मानले आहेत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी विहाराची वेळ झाली तरी मी उठेना, तेव्हा आईने विचारले. माझी आई तिशी-पस्तिशीत व्यापाऱ्यांच्या खळ्यावर कांदा निवडायला जायची. शाळा तिसरीपर्यंत. मी तिला समजेल असे सगळे सांगितले. ती म्हणाली, “तुझं नाव घेतलंय का त्यानं कुठं?”

“नाही.”

“जात काढली?”

“त्याला काय माहीत माझी जात? तिथे मी नुसतं टोपणनाव लावते.”

“मग तुला कुठं बोलला तो? त्या ओळीला बोलला ना?” आणि मग जरा थांबून, “अगं, मुकादम आमची पाटी माघारी द्यायचा. म्हणायचा, बाई, यात सडका हाये, पुन्हा निवड. राग यायचा. पण एक सडका राह्यला तर सगळी गोणी वास मारती. मुकादमाचं तोंड वाईट होतं, पण कांदा सडका हायेच हे काय खोटं होतं व्हय?”

या बोलण्यावर मी काही उत्तर दिले नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी उरलेले शेरे उघडले. चौथा, पाचवा, सहावा तसेच बारीकसारीक होते. दहावा असा होता: सोबतच्या फाईलमध्ये वाचकांची पूर्ण नोंद छापलेली दिसते. ही माणसे खरी आहेत का? असतील तर ही फाईल आधी काढा, बाकीचे नंतर पाहू.

त्याखाली दुसऱ्या दिवशी त्यानेच लिहिले होते: उत्तर आले नाही म्हणून प्रणाली सांभाळणाऱ्यांना सांगून फाईल काढून टाकवली आहे. कृपया खात्री करा.

माझ्या पोटात खड्डा पडला. पुस्तकांचा आणि वाचकांचा शोध घेणारा प्रोग्रॅम एकच आहे. आडनावात तसा र असलेल्या वाचकांची नावेही सापडत नव्हती, म्हणून ती तपासताना मी आळसाने एक ओळ लिहिली होती: वाचकाची सगळी नोंद छाप. सगळी म्हणजे सगळी. नाव, वडिलांचे नाव, पत्ता, मोबाईल, जन्मतारीख आणि प्रवर्ग. महाविद्यालयाने प्रवेशाची यादी जशीच्या तशी ग्रंथालयाला दिली होती आणि मी ती जशीच्या तशी प्रणालीत भरली होती. त्या फाईलमध्ये सहा मुले होती. दोघींच्या नावापुढे ‘अनुसूचित जाती / नवबौद्ध’ असे लिहिलेले होते. ती फाईल जगात कोणालाही उघडता येईल अशा जागी तीन दिवस पडून होती, आणि त्यातला एक दिवस माझ्या रुसव्याने वाढवलेला.

मी आठवीत होते तेव्हाची गोष्ट. शाळेचे नाव घेत नाही. वर्ग भरलेला असताना लिपिक यादी घेऊन यायचे आणि दारातूनच म्हणायचे, “शिष्यवृत्तीवाले उभे राहा.” मग एकेक नाव, आणि नावापुढे जातही वाचायचे, कारण कागदावर ती लिहिलेली असायची आणि कागदावरचे सगळे वाचायचे अशी त्यांची पद्धत. त्यांच्या मनात काही वाईट असेल असे मला आजही वाटत नाही. पण साठ पोरे मान वळवून बघायची. शिष्यवृत्ती हा आपला हक्क, बाबासाहेबांनी मिळवून दिलेला, त्याची लाज कसली, असे बाबा घरी सांगायचे आणि ते खरेच होते. तरीही त्या दहा मिनिटांत मला जमीन दुभंगावी असे वाटायचे. पुढे मी ‘मी बौद्ध आहे’ हे सभेत माईकवर उभी राहून सांगितले आहे. स्वतः सांगणे निराळे आणि दुसऱ्याने यादीतून वाचून दाखवणे निराळे. आणि आता तीच यादी मी वाचली होती. माझ्याही मनात काही वाईट नव्हते. नोंदीत लिहिलेले होते म्हणून सगळे छापले, एवढेच.

अशा चुका मोठमोठ्यांच्याही झाल्या आहेत. मे 2018 मध्ये ट्विटर कंपनीने आपल्या तेहतीस कोटींहून अधिक लोकांना पासवर्ड बदलायला सांगितले, कारण पासवर्ड झाकले जाण्याआधीच ते कंपनीच्या आतल्या लॉगमध्ये उघडे लिहिले जात होते. लॉगचा स्वभावच असा आहे. तो आपल्यासाठी लिहिलेला असतो म्हणून आपण त्यात बेफिकीर असतो, आणि अडचण आली की मदत मागताना पहिल्यांदा तोच दुसऱ्याच्या हातात देतो.

त्याच दिवशी मी ग्रंथपालांना जाऊन सांगितले. मग सहाही घरी गेले. दोन घरे गावात, चार आसपासच्या खेड्यांत. प्रत्येक ठिकाणी तेच सांगायचे: माझ्या हातून तुमच्या मुलाची माहिती बाहेर गेली होती, आता काढली आहे, कोणाचा अनोळखी फोन आला तर मला कळवा. एका घरी चहा मिळाला. एका घरी मला काय सांगायचे आहे तेच कळेना. त्यांना वाटले मी कसली तरी योजना घेऊन आले आहे. एका मुलाची आई रागावली आणि ते बरोबर होते. मात्र एका घराचे आजही विसरत नाही. वडील चाळीत कांदा भरत होते. हात न थांबवता त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, “ताई, गावात कोणाला माहीत नाही आमची जात? पण जगाला सांगायची का नाही ते पोरीनं ठरवायचं. मशिनीनं कशाला?” मुलगी दारात उभी होती. तिने मला विचारले, “ताई, पण पुस्तक द्यायला आमचा प्रवर्ग लागतोच कशाला?”

मी या प्रणालीत कितीतरी रात्री घालवल्या, पण हा प्रश्न मला पडला नव्हता. त्या तपासणाऱ्यानेही तो विचारलेला नव्हता. ग्रंथपालांशी बोलून ग्रंथालयाच्या नोंदीतून प्रवर्ग आणि जन्मतारीख हे दोन्ही रकाने आम्ही काढूनच टाकले. शिष्यवृत्तीचे काम कार्यालयाचे. पुस्तकाच्या देवघेवीला नाव, वर्ग आणि क्रमांक पुरतो. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी 24 ऑगस्ट 2017 रोजी सांगितले, तेही बाबासाहेबांच्या संविधानाच्या 21 व्या अनुच्छेदाच्या आधाराने. व्यक्तिगत माहितीचा कायदाही 2023 साली झाला आणि त्यात अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीला जास्त जपले आहे. हे मला माहीत होते. एका कार्यक्रमात मी यावर भाषणही केले होते!

मग शेऱ्यांना उत्तरे द्यायला बसले. कशी द्यायची? आमच्या घरात कालकथित बाबांनी घेतलेले बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखन-भाषणांचे काही खंड आहेत. सहा डिसेंबरला दादरला गेले की ते एखादा खंड डोक्यावर घेऊन यायचे. त्यांतला तेरावा खंड संविधान सभेचा आहे. फेब्रुवारी 1948 मध्ये मसुदा समितीने मसुदा सादर केला, लोकांपुढे ठेवला आणि मग त्यावर सूचनांचा पाऊस पडला. 7635 दुरुस्त्या सुचवल्या गेल्या, त्यांतल्या 2473 प्रत्यक्ष सभागृहात मांडल्या गेल्या. हे आकडे बाबासाहेबांनीच 25 नोव्हेंबर 1949 च्या भाषणात दिले आहेत. तो खंड मी पूर्वी भाषणांसाठी चाळला होता. आता वादविवादाची रीत पाहण्यासाठी वाचला. एकेक अनुच्छेद येतो, त्यावर दुरुस्त्या येतात. काही बाबासाहेब तिथल्या तिथे स्वीकारतात. काही नाकारतात, पण नाकारताना कारण देतात. प्रकृती साथ देत नसताना हे चालले होते. आणि शेवटच्या भाषणात त्यांनी सतत आक्षेप घेणाऱ्या सदस्यांचे नावे घेऊन आभार मानले. ह. वि. कामत, आपले पंजाबराव देशमुख, के. टी. शहा अशी ती नावे आहेत. त्यांच्या सूचना मी स्वीकारू शकलो नाही म्हणून त्यांचे मोल कमी होत नाही, अशा आशयाचे ते बोलले. सात हजारांपुढे माझे अकरा म्हणजे काय!

मी दोन पानांचे जुने उत्तर पुसले आणि प्रत्येक शेऱ्याखाली त्याचे त्याचे उत्तर लिहिले. पहिला मान्य. मी हिशेब करून पाहिला: ग्रंथालयात तीन हजार पुस्तके, एका नावात पंधरा अक्षरे धरली तर एका शोधामागे पंचेचाळीस हजार ओळी. दिवसभरात वर्गातल्या पोरांनी शोधाशोध केली की संगणकाची जागा संपायची. दुसरा मान्य, “आले का इथे” काढले. तिसरा मान्य. चौथ्या शेऱ्यात त्याने म्हटले होते की डिबगची पायरी बंद असली तरी ती भली मोठी ओळ आधी जुळवली जाते आणि मग फेकून दिली जाते. कोणी जेवायला येणार नाही हे माहीत असून रोज पंगतीचा स्वयंपाक करावा तसे. तेही मान्य. दहाव्याखाली मी फक्त एवढे लिहिले: होय, ती खरी मुले आहेत. चूक माझी. फाईल काढल्याबद्दल आभार. मी सहाही घरी जाऊन सांगितले आहे.

एक शेरा मात्र मी मान्य केला नाही. त्याचे म्हणणे होते की दोष दुरुस्त झाला, तर आता सगळ्या नोंदी काढून टाका. मी लिहिले की तेरा काढते, एक राहू द्या. शोधून काही सापडले नाही तर शब्दातल्या अक्षरांचे क्रमांक लिहिणारी ती नोंद आहे. हा दुहेरी र नुसता मराठीत नाही, नेपाळीतही आहे. उद्या काठमांडूच्या एखाद्या ग्रंथालयात पुस्तक सापडेना झाले तर तिथल्या माणसाला डोळ्यांनी फरक दिसणारच नाही. ही एक ओळ असेल तर पाच मिनिटांत कळेल. त्याने उलट विचारले की शोधलेला शब्द म्हणजे कोणाचे नावही असू शकते, मग? हे त्याचे बरोबर होते. क्रमांक लावून नाव पुन्हा जुळवता येते. शेवटी असे ठरले की पूर्ण शब्द नको. फक्त त्या जोडाक्षराचे दोन-तीन क्रमांक लिहायचे, डिबगच्या पायरीवर, आणि भाषा इंग्रजी, म्हणजे कोणालाही कळेल. ही ओळ माझ्या पहिल्या ओळीपेक्षा चांगली आहे. ती एकट्या माझी नाही आणि एकट्या त्याचीही नाही.

आश्विन पौर्णिमेला वर्षावासाची सांगता झाली तेव्हा मी विहारात पुढच्या रांगेत बसले होते. भन्तेजींनी प्रवारणेबद्दल सांगितले. वर्षावास संपला की भिक्खू संघापुढे बसतो आणि विनंती करतो: माझ्याकडून काही चुकलेले तुम्ही पाहिले असेल, ऐकले असेल किंवा नुसती शंका असेल, तरी मला सांगा. थोरल्या भिक्खूलाही हे करावे लागते. तथागतांनी स्वतः एकदा श्रावस्तीत पाचशे भिक्खूंपुढे अशी विचारणा केल्याचे संयुक्त निकायात आले आहे. हे मी लहानपणापासून ऐकत आले, पण या वेळी वेगळे ऐकू आले. दाखवणाऱ्यावरही विनयात बंधने आहेत. त्याने योग्य वेळी सांगावे, खरे तेच सांगावे, सौम्य शब्दांत सांगावे, ऐकणाऱ्याच्या हिताचे सांगावे आणि मनात मैत्री ठेवून सांगावे.

संगणकाच्या जगाला हे शिकायला वेळ लागला. लिनक्सच्या टॉरवाल्ड्सचे शेरे फार जहाल असत. माणसे कामच सोडून जात. सप्टेंबर 2018 मध्ये त्यांनी जाहीर माफी मागितली, काही दिवस कामापासून दूर राहिले आणि त्याच सुमारास लिनक्सने वागणुकीचे नियम स्वीकारले. माझ्या वाट्याला आलेला माणूस सौम्य होता. गोड बोलत नव्हता, पण सौम्य होता, हे मला तिसऱ्या दिवशी कळले. “कृपया खात्री करा” असे त्याने लिहिले होते. त्या कंपनीतल्या साहेबांच्या बाबतीत मात्र माझे मत बदललेले नाही. त्यांच्या वाक्यात पाचांतले एकही लक्षण नव्हते, आणि अशा माणसाला तोंडावर उत्तर दिलेच पाहिजे. मी त्या दिवशी दिले नाही याचे मला आजही वाईट वाटते.

विहारातून येताना आईला म्हटले, दुरुस्ती घेतली गं त्यांनी. ती म्हणाली, “म्हंजे पाटी पास?” पास.

भाचीला ‘शेतकऱ्याचा असूड’ सापडले. तिने ते नेले, मैत्रिणीला दिले, मैत्रिणीने तिच्या भावाला दिले. मुदत कधीच उलटून गेली. परवा भाचीच्या मोबाईलवर पुस्तक परत करा आणि दंडाचे अकरा रुपये भरा अशी सूचना आली. त्या सूचनेत तिचे नाव, पुस्तकाचे नाव आणि रक्कम एवढेच होते. मी नीट तपासून पाहिले.